भरपूर उजेडाचं घर

गुडगावच्या त्या नव्या सोसायटीचं डिझाइन नचिकेतचंच. दिवसा एकही दिवा लावावा लागू नये, असे फ्लॅट. फक्त सर्व्हंट रूमला त्याने खिडकी ठेवली नव्हती. “रात्री झोपायचंच तर असतं तिथे, यार,” असं तो तेव्हा बिल्डरला म्हणाला होता. पुढे त्याने स्वतःही तिथेच फ्लॅट घेतला.

वडील रिटायर झाले आणि त्यांना सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. नचिकेतकडे एक बेडरूम नवरा-बायकोची, दुसरी मुलीची. “थोडेच दिवस हं, बाबा,” म्हणत, त्यांच्या नजरेला नजर न देता त्याने रिकाम्या सर्व्हंट रूममध्ये त्यांची गादी घातली.

सकाळी ऊन पार डायनिंग टेबलापर्यंत आलं होतं. नचिकेत ऑफिसला निघाला, तेव्हा बंद दाराआडून बाबांनी हळूच विचारलं,


“नचिकेत, उजाडलं का रे?”