अंगावर लावून

"अप्पा, आज तेवढं साडी अंगावर लावून दाखवू नका," भूमिका दुकानाच्या पायरीवरच म्हणाली. "ते रील माझ्या सासरच्या ग्रुपवर आधीच फिरलंय. आत्याबाई फोनवर हसत हुत्या. परत समोरासमोर नको."

राजशेखरनं मान हलवली. महाद्वार रोडवरच्या या दुकानात तो बावीस वर्षं साड्या दाखवत होता, आणि साडी दाखवायची म्हणजे आपल्याच अंगावर लावून दाखवायची, यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. शर्टावरून कमरेला खोचायची, चार निऱ्या, खांद्यावर पदर, एक गिरकी, झालं. महिन्यापूर्वी कुण्या गिऱ्हाइकानं त्या गिरकीचं रील केलं, वर कुठलीशी लावणी चिकटवली, आणि बारा लाख लोकांनी ते बघितलं. 'हिरोईनीपेक्षा मामा भारी,' असं खाली एकानं लिहिलं होतं. ही त्यातली बरी कॉमेंट. बाकीच्या वाचू नका असं भूमिकानं बजावलं होतं, म्हणून त्यानं त्या चोरून वाचल्या होत्या.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मालिकेतल्या सुना शालू नेसून झोपतात, त्यांना कुणी हसत नाही. आपण पोटासाठी दोन मिनिटं पदर घेतला तर सगळ्या महाराष्ट्राला गुदगुल्या! मालक खूश होता, गर्दी वाढली होती. पण पूर्वी गिऱ्हाईक साडीकडं बघायचं, आता त्याच्याकडं बघायचं. गिरकी घेताना पाय कुठं पडतो याचा तो विचार करायला लागला होता, आणि विचार केला की पाय चुकत होता.

गडहिंग्लजची मंडळी आली. नवरदेवाची आई अक्काताई, तिच्या दोन जावा आणि त्या आत्याबाई. गादीवर ऐसपैस बसल्या, चहा झाला. बस्त्यात नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा, तेव्हा पसंती अक्काताईंची. राजशेखर भिंतीला टेकून हात बांधून उभा राहिला. आज तो मुलीचा बाप होता. त्याच्या जागी दाखवायला शर्टपीसच्या काउंटरवरून गुंडूला बोलावलं होतं, आणि गुंडू सतरंजी झटकावी तसे शालू झटकत होता.

राजशेखरला ते बघवेना. या पायावरून त्या पायावर होत, पंख्याखाली उभा असूनही तो घाम पुसत राहिला.

पंधरा-वीस शालू झाल्यावर भूमिकाची नजर एकावर थांबली. मोरपंखी, अंजिरी काठाचा. नवरीनं बोलायचं नसतंच. पण एखादी गोष्ट मनात भरली की ती खालचा ओठ चावते, हे बापाला ठाऊक होतं. गुंडूनं तो शालू खांद्यावर कसाबसा टाकला. काठ दुमडला, पदर उलटा पडला.

"मळकट दिसतोय की वो," अक्काताई म्हणाल्या. "ठेवा बाजूला. त्यो लालच बरा हाय."

भूमिकानं मान खाली घातली.

"थांबा जरा." राजशेखर गादीवर चढला आणि त्यानं गुंडूच्या खांद्यावरून शालू ओढून घेतला. "अप्पा!" भूमिका दबक्या आवाजात म्हणाली, पण तोवर त्याचं खोचून झालं होतं. निऱ्या बोटांत आपोआप पडत गेल्या. पदर खांद्यावरून मोकळा सुटला, अंजिरी काठ दिव्याखाली उजळला. जावा एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. आत्याबाईंचा मोबाईल वर आला होता. राजशेखरला सगळं दिसत होतं, लाजेनं त्याचे कान तापले होते, तरी तो फिरला, पुरा फिरला.

अक्काताई उठून जवळ आल्या. त्याच्या तोंडाकडं त्यांनी बघितलंच नाही. काठ बोटांत धरून बराच वेळ निरखला.

"आगं बाई, ह्यो तर सोनं हाय की!" त्या म्हणाल्या. "पावणं, सोडू नका अजून. भूमिका, हिकडं ये बगू. हुबी ऱ्हा शेजारी."

भूमिका आरशापुढं बापाशेजारी उभी राहिली. अक्काताईंनी त्याच्या खांद्यावरचा पदर उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला. आता निऱ्या बापाच्या कमरेला होत्या आणि पदर लेकीच्या अंगावर.

"ह्योच," अक्काताई जावांकडं वळून म्हणाल्या. "बांधा बस्ता. सोडा आता, पावणं."

दिवसातून पन्नासदा एका झटक्यात सुटणाऱ्या त्या निऱ्या. राजशेखर त्या मुठीत धरून तसाच उभा राहिला.

"अप्पा, सोडा की," भूमिका म्हणाली, आणि आपल्या खांद्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून तीही जागची हलली नाही.