विभूतीची बोटं

वर्षाराणीने ओलं फडकं पिळलं, भिंतीला हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, "देवा, चुकलंमाकलं पोटात घाल." मग तिने वरची पहिली बोटं पुसली.

विभूतीची बोटं. तीन बोटांनी ओढलेल्या आडव्या पांढऱ्या रेघा, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपासून पार पलंगाच्या उशापर्यंत, एकाखाली एक. हा सगळा सासूबाईंचा, गुणाबाईंचा उद्योग. रोज आंघोळ झाली की त्या विभूती कालवून नातीच्या, उर्वीच्या खोलीत यायच्या आणि कालच्या बोटांखाली आजची ओढायच्या. घरात चांगलं सागवानी देवघर असताना ह्यांना पोरीच्या पलंगामागची भिंतच सापडली होती.

आज मात्र इलाज नव्हता. दुपारी वॉलपेपरवाला येणार होता. गुलाबी ढगांचा कागद उर्वीने स्वतः निवडला होता, आणि भिंत स्वच्छ नसेल तर तो धरणार नाही असं त्या माणसाने दोनदा बजावलं होतं. रविवार म्हणून उर्वी अजून झोपली होती. वर्षाराणी पलंगाच्या कडेवर गुडघा टेकून हलक्या हाताने पुसत राहिली.

खरं तर सुरुवातीला तिला सासूचं कोण कौतुक वाटलं होतं. किल्लारीच्या भूकंपात गुणाबाईंची धाकटी लेक त्यांच्या माहेरच्या घरात दगडामातीच्या भिंतीखाली गेली. तेव्हापासून त्यांनी कुठल्याच देवापुढे हात जोडले नव्हते. घरात शिवरात्रीची पूजा चालली तरी बाई आपल्या शेंगा फोडत बसायच्या. अशा बाईने आपण होऊन विभूती मागितली म्हणजे सोन्याहून पिवळं! वर्षाराणीने हौसेने नवी डबी आणून दिली. त्यातलीच लोण्यासारखी मऊ विभूती ती रोज उर्वीच्या कपाळालाही लावायची.

पण कौतुकाला तरी काही हद्द? उर्वीच्या उशीवर रोज पांढरी भुकटी पडलेली असायची. कितीही झटका, अभ्रे धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात संध्याकाळ झाली की म्हातारी पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणायची, आणि सकाळी वर्षाराणी तो परत भिंतीला लावायची. आजही तिने तो झोपलेल्या उर्वीसकट ढकलून लावला होता. ह्यावरून दोघी एकमेकींना कधी काही बोलल्या नाहीत. पलंग तेवढा फरफटत राहिला.

ही भिंत म्हातारीच्या डोळ्यावर आली ती शेजारच्या खड्ड्यामुळे. क्लासच्या पोरांसाठी तिथे मोठं होस्टेल होणार होतं. तळघरासाठी पोकलेन खणायला लागलं आणि इकडे भिंतीला केसाएवढी उभी भेग पडली.

"भिंत सरकायलीय," गुणाबाई म्हणाल्या होत्या.

वर्षाराणीच्या नवऱ्याने, मृत्युंजयने भेगेत पुट्टी भरली, वरून रंगाचा हात मारला आणि हसला. "आई, किल्लारीपासून तुला समद्या भिंती पडतानाच दिसतात. बघ, मिटलं!" त्या दिवसापासून गुणाबाई भिंतीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. विभूती तेवढी मागून घेतली.

वर्षाराणीने सगळ्यात खालची, आज सकाळचीच बोटं पुसली. पुसणाऱ्याला रेघ दिसत नाही, डाग दिसतो. भिंत लख्ख झाली. तिला बरं वाटलं.

मागे चपला वाजल्या. गुणाबाई खड्ड्याकडून आल्या होत्या. रोज सकाळी त्या तिथे काठावर जाऊन उभ्या राहायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारीला करमत नाही.

"पुसलीस? समदी?"

"रागावू नका, आत्याबाई. देवाची माफी मागूनच पुसली. आता रोज देवघरात ओढा ना, तुम्हाला कोण अडवतंय?"

"देवाचा काय संबंध?" गुणाबाईंनी दाराची चौकट धरली. "देवाला म्या लेकीसंगंच पुरलं. भेगेवर आडवी रेघ ओढत व्हते, पोरी. रंगावर नजरंला दिसत न्हाई, पण भिंत सरकली की रेघ तुटती. वरच्या समद्या तुटल्या व्हत्या. सांगितलं की हसता तुम्ही. म्हणून म्हणलं, आज मृत्युंजयला सुट्टी हाय, हाताला धरून आणावं अन् त्याच्याच डोळ्यानं बघू द्यावं." त्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या. "आता काय दाखवू त्याला?"

वर्षाराणीने हातातलं फडकं खाली ठेवलं. पण तोंडाने ती सवयीचंच बोलली. "काहीतरीच तुमचं. आज कागद लागला की..."

"आधी पोरीला उचल."

पलीकडे पोकलेन सुरू झालं. रविवारीसुद्धा. पहिल्याच दणक्याला खिडकीची काच थरथरली, आणि झोपेत उर्वीने कूस बदलली. तिच्या केसांवर, कपाळावर, उशीवर पांढरी भुकटी पडली.

वर्षाराणीने भिंतीकडे पाहिलं. तिने स्वतःच्या हाताने आत्ता पुसलेली भिंत. विभूतीचा कणसुद्धा उरला नव्हता तिच्यावर.

तिने उर्वीला चादरीसकट उचललं, सासूला दंडाला धरून ओढलं आणि मृत्युंजयच्या नावाने ओरडत अंगणात आली. उर्वी जागी होऊन रडायला लागली. वर्षाराणीने तिच्या कपाळावरची भुकटी बोटांनी पुसली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच ती चिमटीत धरून चोळून पाहिली.

विभूती मऊ असते. ही बोटांना वाळूसारखी टोचत होती.