बोटभर धुराडं

बाबांनी माणूस वर बसून चालवेल एवढं वाफेचं इंजिन बनवलं होतं. त्याचं पितळी धुराडं लेथवर मी कातलं होतं, माझ्या हातचं पहिलं काम. इंजिनासाठी दादानं मागच्या अंगणात लाकडी शेड बांधली, पण दाराची उंची जमिनीपासून मोजली. इंजिन रुळांवर उभं राहतं, हे शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. धुराडं बोटभर उंच पडलं. मी कामावरून आले तर कापलेलं धुराडं जमिनीवर आणि दादाच्या हातात लोखंड कापायची करवत. बाबा स्टुलावर बसलेले. "टोपी बसेना म्हणून डोकं तासलंस?" मी ओरडले. "बोंबलतेस कशाला? नवं बसवता येईल." मी करवत हिसकावली आणि शेडच्या चौकटीवर चालवली. "अगं, छप्पर खाली येईल!" "येऊ दे. नवं बसवता येईल." बाबा उठले. दुसरी करवत पुढे करत म्हणाले, "लाकडाला ही घे."