निळ्या ठिपक्याचं पान

"ताई, नव्या आवृत्तीत तरी आमच्या पृथ्वीचं चित्र काढा," रेगे अजिजीने म्हणाले. मंगळावर मदत मागायला आलेले ते पृथ्वीचे दूत होते. तिथली शेतं करपली होती आणि माणसांनी भरलेली जहाजं इकडे निघाली होती. "आम्हाला इथे उतरू द्यायचं की नाही, यावर आता मतदान आहे. मत देणारे सगळे तुमची पुस्तकं वाचून मोठे झालेत. त्यांना आम्ही कोण तेच ठाऊक नाही!"

मालिनीताई घैसास ब्रश धूत राहिल्या. मंगळावरच्या मुलांची ग्रहताऱ्यांची सगळी सचित्र पुस्तकं त्यांच्याच हातची होती.

"आमची हवेची यंत्रं बंद पडली तेव्हा आम्ही सुटे भाग मागितले होते, रेगेसाहेब. परवडत नाही, असं तुम्ही कळवलंत. हवेवाचून गेला तेव्हा माझा धाकटा श्रीरंग सहा वर्षांचा होता."

खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेल्या मालिनीताईंच्या नातीकडे रेगे वळले.

"बाळ, बाहेर आकाशात तो निळा ठिपका दिसतो ना? मी तिथून आलोय. तिथे समुद्र आहेत."

मुलीने पान उलटलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि ती खुदकन हसली.

"काका, थापा मारू नका. तो नुसता तारा आहे. ताऱ्यावर कोणी राहत नाही. हो ना, आजी?"

ब्रश क्षणभर पाण्यातच थांबला. त्यातून निळा रंग सुटत होता.

"हो गं," मालिनीताई म्हणाल्या. "पुढचं पान वाच."