पहिलीतल्या पोरीला मिशी

मायबापहो, टाळ खाली ठेवा नि जवळ सरका. नाल्याकाठच्या शाळेत परवा काय झालं, ते सांगायचं आहे.

तपासणीला आलेले साहेब मागच्या दारानं वर्गात शिरले आणि उंबऱ्यातच थबकले.

"बाई, ही मुलं फळ्याकडं का बघत नाहीत?"

गिरजाबाई फळ्यापाशी उभ्या होत्या. जीव आधीच टांगणीला. पट घसरलेला. साहेबांनी शेरा मारला की शाळेला कुलूप, आणि लेकरं जंगलापलीकडच्या शाळेत.

"बघताहेत ना सर."

"सगळी माझ्याकडं बघताहेत!"

"नाही सर, माझ्याकडं."

साहेबांनी चष्मा पुसला. "एकाचीही पापणी लवत नाही. आणि या पहिलीतल्या पोरीला मिशी कशी?"

बाईंना तर समोर त्या पोरीचं, छोट्या दिव्याचं, बोराएवढं तोंड खुदुखुदु हसताना दिसत होतं. विठ्ठला, साहेबांना ऊन लागलं! सकाळपासून पोरांच्या कपाळावर दोऱ्या कशाच्या, हे विचारायचं तपासणीच्या भीतीपायी राहूनच गेलं होतं. आता त्या वर्गाच्या मागं गेल्या आणि त्यांचीच पापणी लवेना. प्रत्येक डोक्याच्या मागच्या बाजूला झुपकेदार मिशांचा मुखवटा!

खिचडी शिजवणारी शकुबाई पदराला हात पुसत आली.

"मीच बांधले जी. रानात मोहाची फुलं वेचाले जातो तवा आमी बाया असेच बांधतो. वाघ मागून येते. तिकडंबी तोंड दिसलं का थबकते."

साहेब पोट धरून हसले. "अहो, पण शाळेत कुठला वाघ?"

"इथी नाई जी. तुमी धाडून राह्यले, त्या शाळेच्या वाटेवर हाये. लेकराईले आतापासून सवय लावून राह्यली."

साहेबांचं हसू तिथंच राहिलं. "वाट मी स्वतः बघून येतो," म्हणाले.

"मंग असे उघडे नका जाऊ." शकुबाईनं दिव्याचा मुखवटा सोडला नि साहेबांच्या टकलावर घट्ट बांधला.

जाताना साहेब ऐटीत चालत गेले. नाल्यापलीकडं झुडपात काहीतरी खसफसलं. येताना चपला हातात होत्या. धापा टाकतच त्यांनी शेरा लिहिला: शाळा इथंच राहावी.

पुढं कळलं, झुडपात रामाजीची बकरी होती. साहेबांना कोणी सांगितलं नाही. देव माफ करील.

तेव्हा मायबापहो, पुढच्या गजरात विठूमाउलीच्या मागोमाग एकदा शकुबाईचंही नाव घ्या.