अर्धा कप

दिवाळीच्या तोंडावर आबासाहेब गेले. व्हिएन्नातल्या लेकानं आईबापाची तिकिटं आधीच काढलेली, म्हणून मनकर्णाबाई कोपरगावहून एकट्याच आल्या. ख्रिसमसचा बाजार आठवडेबाजारासारखाच दाटला होता. दिवे, घंटा, पोरांचा कल्ला. बाईंपर्यंत काहीच पोचत नव्हतं. बोटंही बधिर झालेली. लेकानं गरम चॉकलेटचा भला मोठा कप त्यांच्या हातात दिला. "आन् बशी रं?" त्यांनी विचारलं. लग्न झाल्यापासून दोघांत एकच चहा. बशी बाईंची, कप आबासाहेबांचा. "इथं बशी न्हाई मिळत, आई. पी, आख्खा कप तुझाच हाय." बाई अर्धा कप प्यायल्या. उरलेला सवयीनं, मान न वळवता, उजव्या अंगाला पुढं केला. तिथं सूनबाई होती. "नको का, आई?" म्हणत तिनं उरलेलं चॉकलेट ओतून टाकलं आणि कप दुकानदाराला परत केला. बाईंचा हात मात्र तसाच पुढं राहिला.