सकाळचा निकाल

नर्सिंग कॉलेजची वेबसाइट सांभाळणाऱ्या सुरजने निकालाच्या पानात आणखी एक फाइल जोडली होती. दोन्हींत ‘स्टेटस’ याच नावाचं व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा कप्पा, होतं. जोडलेली फाइल त्याच पानात उतरते, त्यामुळे तिच्यातल्या स्टेटसने खरा निकाल पुसून टाकला आणि सकाळभर सगळ्यांनाच ‘प्रवेश मिळाला’ दिसत राहिलं. दुपारी चूक लक्षात आल्यावर त्याने प्राचार्यांच्या खोलीत बसूनच ती फाइल एका फंक्शनमध्ये कोंडली, म्हणजे तिचं स्टेटस बाहेर पडू नये, आणि पान सुधारलं.

तेवढ्यात यशवंतपूरच्या बाजारात फुलं विकणारी भागुबाई आपल्या मुलीला, शिवलीलाला, घेऊन तिथे आली.

“घ्या अण्णा, स्वल्प गोड खावा. पोरगी नर्स व्हणार,” म्हणत तिने सुरजच्या हातावर मैसूरपाक ठेवला.

प्राचार्य विमला मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. “इथं तर ‘प्रवेश नाही’ असं आहे, बाई. तुम्ही चुकीचं वाचलंत.”

“मला कुठलं वाचाय येतंय? हिनंच वाचून दावलं.”

“आई, तसंच लिवलं होतं. तुझी शपथ,” शिवलीला म्हणाली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हे आमचे वेबसाइटवाले. विचारा त्यांनाच, सकाळी काही वेगळं दिसत होतं का?”

सुरजने मॅडमकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला.

भागुबाईने पोरीच्या थोबाडीत दिली. गालावर हात धरून शिवलीला सुरजकडे बघत राहिली, तसं त्याने तोंड फिरवलं.

“उद्यापासनं माझ्यासंगं बाजारात बसायचं,” भागुबाई म्हणाली. “खोटारडीच्या हातनं कुणाला औषध देववायचं न्हाई मला.”